खारघरकर यांच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

खारघरकर, नमस्कार.

तुमची कमेंट परवा रात्री साडेअकराला आली, मी तेव्हाच वाचली, पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्या वेळी दिलं असतं तर तुम्हाला हवा तोच पुरावा आयता मिळाला असता. दोन दिवस गेले. आता शांत आहे. बऱ्यापैकी.

ज्यांनी कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी: 'बॅनरवरच्या बायका' या माझ्या लेखावर (बॅनरपासून साहित्य संमेलनापर्यंत बायकांना किती जागा मिळते, यावरचा) यांचं म्हणणं असं की ताई, माहिती चांगली आहे पण सूर आक्रस्ताळा आहे, इतकं चिडून लिहिल्यावर खरा मुद्दाही पटत नाही. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा पाच नाही, सहा झाल्या. बालभारतीची चित्रं कधीच बदलली, तुम्ही जुनंच उगाळताय. आणि शेवटी, "गंमत म्हणजे तुमच्याच लिखाणातली आई शोधली तर ती कायम ओट्यापाशी उभी असते." खाली हात जोडलेले दोन इमोजी.

आधी चूक कबूल करते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. अध्यक्षा सहाच. कुसुमावती देशपांडे 1961 ला ग्वाल्हेरला, दुर्गाबाई भागवत 1975 ला कराडला, शांताबाई शेळके 1996 ला आळंदीला, विजया राजाध्यक्ष 2001 ला इंदूरला, अरुणा ढेरे 2019 ला यवतमाळला आणि तारा भवाळकर 2025 ला दिल्लीला. माझ्याकडून विजयाबाई सुटल्या, फार वाईट वाटलं, दुरुस्त केलंय. पण दिल्लीचं संमेलन 98 वं होतं हो. 98 मध्ये 6. तुम्हाला माझा एक आकडा चुकलेला दिसला, बाकीचे नव्वद-ब्याण्णव दिसले नाहीत, कमाल आहे. आमच्या ठाण्यात तर तीनदा संमेलन झालं, 1960, 1988 आणि 2010, अध्यक्ष रा. श्री. जोग, वसंत कानेटकर, उत्तम कांबळे. तिघेही मोठे लेखक, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, मी फक्त मोजतेय.

बालभारतीचं म्हणाल तर 2019 ची दुसरीची पुस्तकं मी पाहिलीत, आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत ते चित्र छानच आहे. पुढे.

आता 'आक्रस्ताळा'.

हा शब्द तुम्ही सहज टाईप केलात, मला मात्र तो गेली चाळीस वर्षं ओळखीचा आहे. पुरुष तावातावाने लिहितो तेव्हा तो परखड असतो, सडेतोड असतो, फारच झालं तर फटकळ. आगरकरांना आपण शाळेत 'परखड' म्हणून पाठ केलं, पाच मार्कांना. तेच बाईने केलं की आक्रस्ताळी, कजाग, कैदाशीण, आणि गेलाबाजार 'घरी काहीतरी झालं असेल'. (हो, एखाद्या नेत्यालाही आक्रस्ताळा म्हणतात, माहितीय मला, लगेच लिहायला घेऊ नका.)

ताराबाई शिंद्यांचं नाव लेखात होतं, तुम्ही ते ओलांडून गेलात. बुलढाण्याच्या ताराबाई. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर पोटच्या अर्भकाला मारल्याचा खटला झाला, त्यावरून वर्तमानपत्रांत समस्त बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं गेलं, आणि या बाईंनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विचारलं की जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत काय. चिडूनच लिहिलंय, ओळीओळीत चिडलेल्या आहेत. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली, बाकी टीकाच वाट्याला आली. त्यांनी पुन्हा पुस्तक छापलं नाही. हे पुस्तकसुद्धा 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत फारसं कुणाच्या हाती नव्हतं. तर शांतपणे लिहिलं असतं तर पटलं असतं हा सल्ला जुनाच आहे, तुम्ही काही नवीन दिलेला नाही.

आणि मी पुस्तकातलं सांगत नाहीये, माझं स्वतःचं सांगते. 1994 मध्ये एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती. नायिका डोंबिवलीची, नवऱ्याशी भांडून दोन पिशव्या भरून बहिणीकडे निघते आणि परत येत नाही, एवढीच गोष्ट. संपादकांचं पोस्टकार्ड आलं, निळी शाई, अक्षर अगदी मोत्यासारखं. कथा आवडली, पण नायिका किंचित आक्रस्ताळी वाटते, शेवट मवाळ करता आला तर बघा. मी बघितलं. म्हणजे मी तिला स्टेशनावरून परत आणली, शेवटच्या गाडीने, दोन्ही पिशव्यांसकट. छापून आली. सोबत चित्र होतं, खिडकीत उभी बाई, डोक्यावर पदर, डोळे खाली. माझ्या कथेत तिने पंजाबी ड्रेस घातला होता! दीडशे रुपयांची मनीऑर्डर आली, त्यातले पाच पोस्टमनला दिले, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी सांगितलं की किती समजूतदार बाई रंगवलीस. तेव्हापासून कुणी मला सूर जरा खाली घ्या म्हटलं की ते पोस्टकार्ड आठवतं, मग मी काय करू. तुम्ही आमच्या घरी जेवायला आलेले नाही आहात की मी तुमच्याशी गोड बोललंच पाहिजे.

बरं, लेख ज्यावर होता त्या बॅनरबद्दल तुमच्या कमेंटमध्ये चकार शब्द नाही. आमच्या नाक्यावर महिला दिनाला लागला होता, 'खेळ पैठणीचा', वर सात फोटो, सातातली एक बाई. तीच त्या प्रभागाची नगरसेविका, बरं का. तिचा चेहरा पेढ्याच्या खोक्यावरच्या देवाएवढा आणि शेजारी हात जोडून उभे यजमान आठ फुटी. राज्यात 2011 पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना, ठाण्यात 131 पैकी 66, म्हणजे खुर्ची कायद्याने मिळाली, बॅनरवरची जागा कोण देणार? यावर बोला की. पण नाही, नावडतीचं मीठ अळणी.

राहिला ओटा.

खरं तर याला उत्तर देणार नव्हते, कारण हा मुद्दा नाही, हा टोमणा आहे. माझी आई बावीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. सकाळी सातला डबा घेऊन बाहेर, संध्याकाळी सहाला घरात. मग मी तिला बघणार कधी आणि कुठे? जिथे दिसायची तिथली लिहिली. गोळ्यांच्या स्ट्रिपची कड लागून तिची उजव्या हाताची बोटं कायम कापलेली असायची, त्यावर जुन्या धोतराची चिंधी, आणि चिंधी ओली होऊ नये म्हणून ती कणीक डाव्या हाताने मळायची, परात भिंतीला टेकवून, म्हणजे सरकायची नाही.

आली बघा कणीक. आली तर आली, काय करू, खोटं लिहू का?

कंपनीचं मी कधी लिहिलं नाही हे मात्र खरं, आत्ता मागचे लेख चाळले तेव्हा दिसलं. बावीस वर्षांतली एक ओळ नाही. त्याची कारणं आहेत, ती मी इथे अनोळखी माणसाला सांगत बसणार नाही, आणि तेही अशा, ज्याच्या प्रोफाइलला स्वतःचा फोटो नसून सूर्यास्त आहे.

तुमची कमेंट उडवलेली नाही, तशीच आहे, इमोजीसकट. पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहिलंत तर बरं पडेल, भांडायलाही.

आईचा एक फोटो आहे कुठेतरी, कंपनीच्या गेटवरचा, पांढरा एप्रन, डोक्याला टोपी, सोबत पॅकिंगच्या आणखी चौघी, सगळ्या उन्हामुळे डोळे बारीक करून उभ्या. भावाकडे कळव्याला ट्रंकेत असावा. रविवारी जाऊन बघते. सापडला तर टाकीन, पण तुम्ही म्हणालात म्हणून नाही.