गेम संपवला नाही, तर बोलायचं नाही?

‘गेम संपवला नसेल तर त्याबद्दल बोलू नका’ अशा फर्मानानं सुरू होणारा एक मजकूर गेम खेळणाऱ्या मंडळींत सारखा फिरत असतो. पुढची कलमं थोडक्यात अशी: रिव्ह्यू वस्तुनिष्ठ हवा, स्वतःची आवडनिवड मध्ये आणू नये. सोप्या मोडवर खेळणाऱ्याचं मत मोजू नये. अख्खा गेम व्हिडिओत बघता येतो, तेव्हा वेगळं परीक्षण हवं कशाला? आणि ज्यांना याचे पैसे मिळत नाहीत त्यांनी ही लुडबुड थांबवावी. मी बरीच वर्षं हौसेनं गेम खेळते, खेळताना वहीत टिपणं काढते आणि मग त्यावर लिहिते. मिळकत शून्य. म्हणजे शेवटचं कलम थेट मलाच लागू होतं, तरी सुरुवात पहिल्यापासून करते.

संपवणं म्हणजे काय, ते आधी ठरवू. टेट्रिस 1984 साली जन्मला, निन्टेन्डोच्या एनईएस या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर 1989 मध्ये आला. तो संपत नाही. आपण हरलो की थांबतो. डिसेंबर 2023 मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलानं ही एनईएसची आवृत्ती इतकी पुढे नेली की प्रोग्रॅमच गोठला, आणि माणसानं टेट्रिसला हरवलं अशा बातम्या झाल्या. फॉरवर्डमधला नियम लावला तर त्याआधीची 34 वर्षं या टेट्रिसवर मत द्यायचा हक्क कुणालाच नव्हता. पॅक-मॅनचंही तेच. लेव्हलचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला, त्यात 255 च्या पुढे जागा नाही, म्हणून 256 व्या लेव्हलला पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्यानं भरतो. याला शेवट म्हणायचं की बिघाड? शहरं वसवायचे, शेती करायचे, ऑनलाइन मॅचचे गेम तर बहुतेक संपण्यासाठी बनवलेलेच नसतात.

एक मान्य. ‘नीअर: ऑटोमाटा’ (2017) मध्ये क्रेडिट्स, म्हणजे बनवणाऱ्यांची नावं, पहिल्यांदा सरकू लागतात तेव्हा गोष्ट संपलेली नसते, पुन्हा खेळत गेलं की ती उलगडते. तिथेच थांबून ‘कथा अर्धवट वाटली’ असं ठोकून देणारा वाचकाची दिशाभूल करतो. पण त्याची चूक थांबण्यात नाही, कुठे थांबलो ते न सांगण्यात आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात रिव्ह्यूसोबत खेळलेले तास दिसतात. वाचणारा त्यावरून काय ते समजून घेतो. शिवाय गेम अर्ध्यात सोडावासा वाटणं हीदेखील गेमबद्दलचीच माहिती आहे. एक मोठा, मोकळ्या जगाचा (हवं तिकडे भटकायचा) गेम मी अकराव्या तासाला सोडला. का सोडला ते तेव्हा नीट सांगता येईना. वही उघडली तर शेवटच्या पाच नोंदींपैकी चार एकाच शब्दाच्या होत्या: ‘नकाशा’. डोंगर, नदी, उजेड यांवर एवढी मेहनत घेतलेली, आणि मी दर मिनिटाला बटण दाबून नकाशावरचे ठिपके बघत होते. ते जग मी पाहिलंच नव्हतं. तो रिव्ह्यू मी ‘अकरा तास, अपूर्ण’ असं वरती लिहून दिला आणि आजही मला तो माझ्या बऱ्या रिव्ह्यूंपैकी वाटतो.

वस्तुनिष्ठतेचं कलम ऐकायला फार भारदस्त. ‘सायबरपंक 2077’ हा गेम 10 डिसेंबर 2020 ला आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती. त्यांनी भरभरून गुण दिले. मग लोकांनी तोच गेम सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन 4 कन्सोलवर लावला आणि तो अडखळू लागला, बंद पडू लागला. आठवडाभरात सोनीनं तो आपल्या स्टोअरमधून काढला. परत आला तो जून 2021 मध्ये. यातलं खोटं कोण बोललं? कुणीच नाही. दोघांनी आपापल्या मशीनवर जे घडलं ते सांगितलं. मोजण्यासारखं जे आहे ते जरूर मोजावं: सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एक चित्र साधारण 16.7 मिलिसेकंद टिकतं, 30 म्हणजे 33.3, आणि हा फरक बोटांना कळतो. पण कंटाळा मोजायची पट्टी कुणाकडे आहे?

तरी लोक गुणांच्या सरासरीला वस्तुनिष्ठ समजतात. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ (2010) बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीचा बोनस मेटाक्रिटिक या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या साइटवरच्या 85 गुणांशी बांधलेला होता. सरासरी आली 84. बोनस गेला. शेकड्यातला एक गुण, तोही वेगवेगळ्या आवडीनिवडींची बेरीज करून काढलेला!

मत बदलू नये असंही त्या फिरत्या मजकुरात कुठेतरी दडलेलं आहे. ‘नो मॅन्स स्काय’ 2016 ला आला तेव्हा बनवणाऱ्यांनी आधी सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या. 2018 च्या मोठ्या अपडेटनं धड मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांसोबत खेळणं, आलं. दोन्ही वेळचे रिव्ह्यू खरे, तारीख तेवढी घाला.

सोप्या मोडची हेटाळणी मला तर समजतच नाही. ‘सेलेस्ट’ या डोंगर चढणाऱ्या मुलीच्या गेममध्ये असिस्ट मोड, म्हणजे खेळ सोपा करायची सोय, बनवणाऱ्यांनीच ठेवलाय. ‘हेडीज’ या मारामारीच्या गेममधला गॉड मोडही तसाच: मार 20 टक्के कमी लागतो, आणि दर मरणागणिक आणखी 2 टक्के सूट. मनगट दुखणाऱ्यानं किंवा आयुष्यात पहिल्यांदा कंट्रोलर धरणाऱ्यानं लिहिलेला रिव्ह्यू तशाच माणसाच्या कामाचा. दोनशे तास घातलेल्या पट्टीच्या खेळाडूला सुरुवातीच्या सूचना किती गोंधळाच्या आहेत ते दिसतच नाही. त्यानं त्या कधीच वाचलेल्या नसतात.

आता व्हिडिओ. ‘बघितलं काय नि खेळलं काय’ हे या मजकुरातलं सगळ्यात चुकीचं वाक्य. पुन्हा ‘सेलेस्ट’च घ्या. कड्याच्या टोकापर्यंत पळत गेलात, उडीचं बटण दाबायला क्षणभर उशीर झाला, पाय हवेत गेला, तरी सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापर्यंत गेम तुमची उडी मान्य करतो. याला कोयोटी टाइम म्हणतात. कार्टूनमधला तो कोयोटी (लांडग्यासारखा प्राणी) कड्यापलीकडे हवेतच पळतो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्यावरून. व्हिडिओत काय दिसतं? एका मुलीनं काठावरून उडी मारली. चूक झाली होती आणि ती माफ झाली, हे फक्त अंगठ्याला कळतं, तेही पुसटसं. कठीण असूनही हा गेम दुष्ट का वाटत नाही, त्याचं उत्तर त्या अंगठ्यात आहे. बघणारा ते लिहू शकणार नाही.

‘पेपर्स, प्लीज’ (2013) मध्ये तर उड्याही नाहीत. सीमेवरची चौकी, छोटंसं टेबल, कागद ओढून तपासायचे, शिक्का मारायचा. एका माणसाचं काम झालं की पाच क्रेडिट (तिथले पैसे), संध्याकाळी भाडं, अन्न, हीटर यांचा हिशेब. बाहेर रांग, शिवाय घड्याळ. एका बाईच्या कागदात कमतरता असते, नवरा नुकताच पुढे गेलेला असतो. बघताना आपण सहज म्हणतो, जाऊ दे तिला. खेळताना माझा हात लाल शिक्क्याकडे गेला, कारण त्या दिवशीचे इशारे आधीच संपले होते आणि आता चुकले तर दंड होता. ती लाज माझी होती, स्वतःचा खेळ थेट दाखवणाऱ्या, स्ट्रीम करणाऱ्याची नव्हे. (स्ट्रीम मीही बघते, जेवताना. बघण्याशी भांडण नाही.)

राहिलं पैशाचं. धंदेवाईक समीक्षकाला प्रत प्रकाशनाच्या थोडी आधी मिळते, एम्बार्गो (ठरल्या वेळेआधी छापायची बंदी) उठतो त्या घटकेला मजकूर तयार हवा असतो. पन्नास तासांचा गेम तो चार-पाच दिवसांत रेटतो. मला ती घाई नाही. रोज एक तास खेळून महिनाभर मुरवता येतं, आणि गेम विकत घेणारे बहुतेक लोक असेच खेळतात. पण हौशी म्हणजे निःपक्ष असंही समजू नका. मी पदरचे पैसे घालते, त्यामुळे ते वाया गेले असं कबूल करायला जड जातं. शिवाय आवडेल असं वाटतं तेच घेते. माझ्या वहीत ‘वाईट’ हा शब्द फार क्वचित सापडतो, याचं कारण माझे गेम चांगले असतात एवढंच नाही.

त्या नकाशावाल्या गेमला मध्यंतरी एक पॅच, म्हणजे दुरुस्ती, आला. ठिपके बंद करता येतात म्हणे. सेव्ह फाइल अजून आहे, शनिवारी बाराव्या तासापासून सुरू करतेय.