तीनशेच्या आतले आम्ही

आमच्या अण्णांनी छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात १६ वर्षं प्रेस चालवली. मुस्टरवर १४० कामगार. १९९८ साली मालकाने कारखाना बंद करायचं ठरवलं. तेव्हा १०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेला कारखाना सरकारच्या परवानगीशिवाय बंद करता येत नव्हता. मालकाला अर्ज करावा लागला, सुनावणी लागली आणि युनियनला तिथे खुर्ची मिळाली. कायद्याने सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार ठरलेला होता. अर्ज अडेल या भीतीने मालक बोलणीला बसला आणि हिशोब ३० दिवसांवर सुटला. त्या जादा पैशातून माझ्या थोरल्या बहिणीचं डी.एड. झालं.

आज तोच कारखाना असता तर? २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा असे तीन कायदे तिने गुंडाळले. परवानगीची अट आता ३०० कामगारांपासून. १४० वाल्याने ६० दिवस आधी सूचना द्यायची, नुकसानभरपाई द्यायची आणि कुलूप लावायचं. भरपाई कायद्यात आहे, हे मी नाकारत नाही. पण अण्णांना जे जास्तीचं मिळालं ते त्या परवानगीच्या अडसरामुळे मिळालं, आणि तोच अडसर काढला आहे. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या गल्ल्यांमधून फिरून बघा. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपांत पन्नास, ऐंशी, दीडशे माणसं असतात. त्यातली निम्मी ठेकेदाराची.

आणि हे सगळं तपासून झालेलं आहे म्हणे. या संहितेचं विधेयक नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि संसदेच्या श्रमविषयक स्थायी समितीकडे गेलं. समितीचा अहवाल एप्रिल २०२० चा, म्हणजे ऐन लॉकडाऊनमधला. त्यानंतर काहीच दिवसांनी, ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याच्या स्टील कारखान्यातून गावाकडे पायी निघालेले १६ मजूर आपल्या करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. सप्टेंबरमध्ये सुधारित विधेयक विरोधकांचा बहिष्कार असताना राज्यसभेत मंजूर झालं. कामगार रस्त्यावर आणि त्याचा कायदा दिल्लीत, अशा काळात झालेल्या तपासणीला मी तपासणी म्हणायला तयार नाही.

समितीने ३०० हा आकडा कायद्यातच लिहा म्हटलं, पण सोबत हेही म्हटलं की तो अधिसूचनेने बदलायचा अधिकार सरकारने ठेवू नये. सरकारने आकडा घेतला. अधिकारही ठेवला! उद्या एका अधिसूचनेने ३०० चे ५०० होऊ शकतात, संसदेत जायची गरज नाही. माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे.

संपाचं थोडक्यात सांगतो. आता प्रत्येक कारखान्यात १४ दिवसांची नोटीस. समेटाची बोलणी सुरू असताना संप नाही. निम्म्या कामगारांनी एका दिवशी मिळून रजा टाकली तरी तो संपच. कारखान्यात एकाहून जास्त युनियन असल्या आणि वाटाघाटीचा एकमेव हक्क हवा तर युनियनकडे ५१ टक्के कामगार हवेत. एकाच युनियनशी बोलणी व्हावी हे मला पटतं, आमच्याकडे युनियनांच्या भांडणात कामगार भरडलेला मी पाहिलाय. पण दर सहा-अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या पोरांतून ५१ टक्के जमवायचे कसे?

या संहितेच्या नियमांचा मसुदा निघाला की हरकती-सूचना मागवतात. राजपत्रात. दुसरी पाळी करून रात्री बाराला पंढरपूरच्या खोलीवर (आपल्या वाळूजच्या पंढरपूरला) येणारा पोरगा राजपत्र उघडणार आहे का? कामगार खात्याने सुनावणी वाळूजला घ्यावी, सुट्टीच्या दिवशी, मराठीत आणि हिंदीतही, ठेकेदाराच्या माणसांनाही बोलू द्यावं. जालन्याला आणि नांदेडलाही घ्यावी.

अण्णा आता ७३ वर्षांचे आहेत. १९९८ चा तो कराराचा कागद त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलाय. सुनावणी लागली तर तारीख सांग, म्हणाले, मी कागद घेऊन येतो.