एका अक्षरात उत्तर द्या

प्रश्न विचारून एका अक्षरात उत्तर मागायची पद्धत ज्यानं काढली, तो कधी कोल्हापुरात आला नसावा. आमच्याकडं 'येणार काय?' याला 'येतोय की', 'न यायला काय झालंय?' किंवा 'निघालास की फोन कर' अशी उत्तरं मिळतात, आणि अर्थ ज्याचा त्यानं लावायचा असतो.

पुतणीला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा आहे. जर्नलसाठी तिनं आमच्या दादाच्या मिसळच्या गाड्याचं बिल करायचा प्रोग्रॅम घेतला. आधी 'किती प्लेट?', मग 'कट पाहिजे? वाय / एन'. घरात कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळणारा मीच, म्हणून रविवारी सकाळी मला मंगळवार पेठेत बोलावणं.

दादानं २ दाबून एंटर मारला. पडद्यावर लगेच उमटलं, 'कट नको. बिल तयार.'

"आरं, मी अजून बोट उचललं नाही," दादा म्हणाला, "मिसळीला कट नको म्हणणारा माणूस दाखव मला!"

मशीनचा हिशोब वेगळा असतो. टाइप केलेलं वाचायची सीतली आज्ञा म्हणजे स्कॅनएफ. तिच्यातलं पर्सेंट-डी आकडा तेवढा उचलतं आणि मागचा एंटर तिथंच सोडतं. पाठोपाठ एकच अक्षर वाचणारं पर्सेंट-सी येतं. त्याला आकडा, अक्षर, स्पेस असला भेदभाव नाही. पहिलं सापडेल ते कॅरॅक्टर घेतं. एंटर हेही कॅरॅक्टरच, आस्की या अक्षरांच्या नंबरयादीतला नंबर १०. आधीच्या पंगतीची उष्टी पत्रावळ न उचलता पुढच्याला तिच्यावरच बसवावं, तसं हे. एंटर म्हणजे काही वाय नव्हे, मग परस्पर 'नको'.

वहीत उपाय लिहिलेला होता : एफफ्लश, कंसात एसटीडीइन. म्हणजे म्हणे, कीबोर्डकडनं आलेलं इनपुट तुंबलं असेल ते झटकून टाक. हा उपाय पिढीजात आहे, पोरं तो सिनियरकडून वारशानं घेतात. सीच्या स्टँडर्डप्रमाणे एफफ्लश आउटपुटसाठी. इनपुटला लावलं तर काय होईल याची जबाबदारी कुणीच घेत नाही. पुतणीच्या लिनक्सवर तर एंटर जागचा हलला नाही. मी ती ओळ खोडली आणि अवतरणचिन्हात, पर्सेंट-सीच्या अलीकडं, एक स्पेस टाकली. वाटेतले स्पेस, टॅब, एंटर ती सगळे गिळते.

"काका, एवढंच?"

एवढंच. याच स्पेसपायी पोरं रात्र-रात्र जागतात.

मग दादाचा कॅप्स लॉक. मोठा वाय ८९, धाकटा १२१. मध्ये ३२ चं अंतर, आणि मशीनच्या लेखी दोघांची ओळखसुद्धा नाही. धाकट्याला मोठं करणारं टूअपर लावून तेही मिटवलं. वाय-एन सोडून काही आलं तर 'चुकीचं उत्तर' म्हणून पुन्हा विचारायचं, असा लूपही घातला. आता काय बिघडणार?

दादानं इंग्रजी अक्षरांत ऐटीत टाइप केलं, 'होय की'.

एच : चुकीचं उत्तर. ओ : चुकीचं उत्तर. वाय : कट वाढला! आमच्या 'होय'च्या शेपटाला वाय असतो, म्हणून निभावलं. पण उरलेलं 'की' आत तसंच. पुढच्या गिऱ्हाइकाला 'किती प्लेट?' विचारताच पर्सेंट-डीला समोर के दिसला. आकडा नव्हे, म्हणून त्यानं हात लावला नाही, आणि आकडा ठेवायच्या जागेत, व्हेरिएबलमध्ये, आधीचा २ जसाच्या तसा. बिचाऱ्याच्या नावावर न मागता दोन प्लेट.

"हे मात्र चांगलंय," दादा म्हणाला.

वहिनींनी कीबोर्ड मराठी करून नुसतं 'हो' टाकलं. चुकीचं उत्तर, सहा वेळा, लागोपाठ. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीत, 'ह'चे तीन बाइट, काना-मात्रेचे मिळून तीन, आणि सीत एका अक्षरासाठी असलेल्या कॅरच्या खोलीत जागा एका बाइटची. "हो म्हटलं तर सहादा ओरडतंय," वहिनी म्हणाल्या, "तुमच्यावरच गेलंय." हे कुणाला उद्देशून होतं, ते दादानं विचारलं नाही.

शेवटी सगळा पसारा काढला. एफगेट्सनं अख्खी ओळ उचलायची, पहिलं अक्षर बघायचं, बाकीचं सोडून द्यायचं. वायबरोबर एचही 'होय' धरायचा. दादाचं म्हणणं, कट विचारून वाढतात होय? प्रश्नच काढा. पण डू-व्हाइलला, म्हणजे त्या पुन्हा विचारणाऱ्या लूपला, मार्क आहेत, म्हणून पुतणीनं प्रश्न बदलला : 'पार्सल की इथंच? पी / आय'.

दादानं विचार करून टाइप केलं, 'दोन्ही'.