‘चार डबे माती’ म्हणणाऱ्या वाचकांना

इंदूरच्या धार रस्त्याच्या कडेच्या मातीतल्या शिसे-जस्तावरील माझ्या लेखाला आपण लिहिलेली प्रतिक्रिया अशी: “काका, चार डबे माती उचलली म्हणजे प्रदूषणाचे मूल्यमापन होत नाही. शिशाचे पेट्रोल कधीच बंद झाले, विमानाच्या इंधनात शिसे नसते, आणि रस्त्याकडेला तर भरणीचा मुरूम आहे. लांबच्या शेतातला तुलनेचा नमुना कुठे आहे?”

‘काका’ला हरकत नाही, इंदुरात सगळेच म्हणतात. हरकत डब्यांना आहे. ते डबे नव्हते, पॉलिथिनच्या पिशव्या होत्या, आणि हा फरक किरकोळ नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या डब्यात माती भरली, तर टायरच्या झिजेतून आलेले जस्त कोणते आणि डब्याचे कोणते, हे आपण कसे सांगणार होता? म्हणूनच मी प्लॅस्टिकची खुरपी वापरली आणि डांबराच्या कडेपासून २, १० व ५० मीटरवर, प्रत्येक अंतरावरील पाच जागांची, वरच्या ५ सेंटिमीटर थरातली माती एकत्र केली. एकतीस वर्षे माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत ॲसिडच्या वाफा छातीत भरून घेतलेल्या माणसाचे काम ‘उचलली’ या एका क्रियापदात उरकणे मला तरी शोभले नसते.

शिशाचे पेट्रोल देशभर २००० साली बंद झाले, हे लेखातच होते. आपण बहुधा तिथवर पोहोचला नाहीत. शिसे हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही. काळ्या मातीतले चिकण कण आणि लोह-मँगनीजची ऑक्साइडे त्याला धरून ठेवतात, त्यामुळे ते दशकानुदशके वरच्याच थरात राहते. आणि विमानतळाच्या दक्षिणेकडून, सिरपूर तलावाजवळून जाणारा हा रस्ता त्या काळीही वाहता होता.

एक चूक मान्य करतो. मी सरसकट ‘विमानाचे इंधन’ लिहिले. जेटचे इंधन केरोसीनच्या जातीचे असून त्यात शिसे घालत नाहीत. ते वाक्य दुरुस्त केले आहे. मात्र पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांचे पेट्रोल आजही बहुतांशी शिशाचेच असते, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

राहिला तुलनेचा नमुना. तुलनेसाठी ५० मीटरवरची पिशवी आहेच. बेसॉल्टपासून झालेल्या मातीत तांबे आणि जस्त मुळातच जास्त असते, हे माळव्यात जन्मलेल्या माणसाला सांगायची गरज नव्हती. मुरमाचे पुढे पाहू. पावसाळा सरून शेते वाफशावर आली की मी पुन्हा तिकडे जाणार आहे. यायचे असेल तर अवश्य या, फक्त डबा आणू नका.