भिंतीवरच्या हिरव्या रंगावरून : ‘एक स्पष्टवक्ता वाचक’ यांना उत्तर

नमस्कार स्पष्टवक्तेसाहेब,

खरं नाव लिहिलं नाहीत, म्हणून तुम्हीच घेतलेल्या नावानं हाक मारते. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. आज कामावर असताना मनातल्या मनात तिला बरीच उत्तरं देऊन झाली, त्यांतलं सगळ्यात सभ्य इथे लिहिते आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडे, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या पूर्व भागात, लहान मुलांचा एक फुटबॉल क्लब आहे. त्यांनी मैदानाकडेच्या भिंतीवर आपल्या आयरिश पूर्वजांचं भलंमोठं चित्र काढून घेतलं. डावीकडे करपलेलं बटाट्याचं शेत, मग बोटीतून उतरणारी माणसं, पातेल्यातून वाढणारी एक बाई, काळ्या झग्यातले ब्रदर वॉलफ्रिड, पाठमोरी दहा मुलं आणि शेवटी आजची पोरं-पोरी. वर कोपऱ्यात हार्प, म्हणजे आयर्लंडचं चिन्ह असलेलं तंतुवाद्य, आणि आयर्लंडचा तिरंगा. मला ते आवडलं, मी तसं लिहिलं. त्यावर तुम्ही लिहिलंत: “मॅडम, पर्यटकासारखं भारावून जायला काही लागत नाही. ज्या शहरानं पोटाला भाकरी दिली तिथे दीडशे वर्षांनंतरही परक्या देशाचा झेंडा भिंतीवर रंगवायचा, याला वारसा नाही, हट्ट म्हणतात.” पुढे चित्रातल्या बायकांबद्दल, फुटबॉलच्या मैदानावरच्या गाण्यांबद्दल, कौन्सिलच्या पैशांबद्दल. आणि शेवटी, ‘हलकंच घ्या’ आणि एक हसरा चेहरा.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करून टाकते. एवढ्या मोठ्या भिंतीवर मोठी बाई एकच, तीही वाढपी, हे खटकण्यासारखंच आहे. या शहरात कापडगिरण्यांत राबलेल्या आयरिश मुली कुठे गेल्या, असं मी क्लबच्या लोकांना विचारीन. झालं.

आता ‘पर्यटक’. साहेब, माझं घर त्या भिंतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. माझा मुलगा त्या मैदानावर खेळून गुडघे फोडून घरी आला आहे. इथल्या पावसात, इथल्या बसथांब्यावर, इथल्या दवाखान्याच्या रांगेत माझी वर्षं गेली आहेत. मी चुकत असेन, पण फोटो काढून विमानात बसणाऱ्यातली मी नाही. मतभेद असावेत, मला चालतात. पण ‘मॅडम’ म्हणून सुरुवात करायची, मधे चिमटा काढायचा आणि शेवटी हसरा चेहरा टाकून मोकळं व्हायचं, ही पद्धत मी लहानपणापासून नात्यातल्या लग्नांत पाहत आले आहे. तिला स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत.

असो. ‘भाकरी दिली’ या तुमच्या दोन शब्दांपाशी मी जास्त थांबणार आहे, कारण सगळं तिथेच आहे.

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. गरिबाचं सगळं पोट त्या एका पिकावर होतं. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली, आणि निदान तितकीच देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८२ लाखांच्या आसपास होती, १८५१ मध्ये ती ६५ लाखांवर आली. त्याच १८५१ साली ग्लासगोतल्या साधारण दर साडेपाच माणसांमागे एक आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. ही माणसं कुठल्या परक्या देशातून आलेली नव्हती, हेही लक्षात घ्या. तेव्हा दोन्ही बेटांवर राणी एकच होती आणि संसद एकच. आयर्लंडमध्ये दुष्काळ चालू असताना धान्य बाहेर जात होतं, तेही याच राज्यात.

आणि भाकरीचं म्हणाल तर १८४५ च्याच स्कॉटिश गरीब कायद्याखाली, पाच वर्षं एका ठिकाणी राहिल्याचं दाखवता आलं नाही, तर मदत मागायला गेलेल्या आयरिश माणसाला परत बोटीत बसवून धाडता येत असे. तसं धाडलंही. म्हणजे हात पसरला की परतीची वाट. मग ही माणसं काय खात होती? गोदीत ओझी उचलून, कालवे आणि रेल्वेमार्ग खणून, गिरणीत आणि खाणीत राबून मिळेल ते. भाकरी शहरानं दिली नाही, त्यांनी कमावली. शहरानं त्यांना कमी मजुरीवर वापरलं आणि वर मजुरीचे दर पाडले म्हणून शिव्याही दिल्या.

त्या भिंतीवरचे ब्रदर वॉलफ्रिड म्हणजे मूळचे आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातल्या बॅलीमोटचे अँड्र्यू केरिन्स, मारिस्ट या कॅथलिक धर्मसंघाचे शिक्षक. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी ग्लासगोच्या कॅल्टन भागातल्या सेंट मेरी चर्चच्या सभागृहात त्यांनी चार माणसं जमवून सेल्टिक हा फुटबॉल क्लब काढायचं ठरवलं. कशासाठी? तिकिटांच्या पैशातून पूर्व भागातल्या गरीब शाळकरी मुलांना जेवण मिळावं म्हणून. ही मुलं बहुतेक कॅथलिक, ती फुकट सूपच्या रांगेत उभी राहता राहता प्रॉटेस्टंट चर्चमध्ये जातील ही धास्तीही त्यांच्या मनात होती, ते मी लपवत नाही. पुढे दहा वर्षांत क्लबची कंपनी झाली आणि मुलांची जेवणं मागे पडली, हेही खरं. पण दुष्काळातून आलेल्यांच्या पोरांचं पोट भरायला त्या वस्तीनं स्वतः चेंडू हातात घेतला, आणि तो इथलाच, स्कॉटलंडचा आवडता खेळ घेतला. यात तुम्हाला हट्ट कुठे दिसला? मला तर मिसळून जाण्याचा याहून मोठा पुरावा दिसत नाही.

‘दीडशे वर्षांनंतरही’ म्हणता. १९२३ साली चर्च ऑफ स्कॉटलंडच्या, म्हणजे इथल्या मुख्य प्रॉटेस्टंट चर्चच्या, महासभेपुढे एक अहवाल आला. आयरिश वंशापासून स्कॉटिश राष्ट्रीयत्वाला धोका आहे, हे त्याचं शीर्षकातच म्हणणं होतं. हे लोक आपल्यात मिसळूच शकत नाहीत, त्यांचं येणं थांबवा, असा त्याचा सूर. तेव्हा इथे जन्मलेली तिसरी पिढी कामाला लागली होती. पहिल्या महायुद्धात त्यांतली कितीतरी पोरं स्कॉटिश पलटणींतून लढून मेली होती. २००२ मध्ये त्या चर्चनं या अहवालाबद्दल खेद व्यक्त केला. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला तो अहवाल आठवला, राग मानू नका. मानलात तरी चालेल.

ती पाठमोरी दहा मुलं कोण, हे तुम्ही विचारलंच नाहीत. बटाटे काढायला दर हंगामात आयर्लंडहून टोळ्या येत, घरातली लहान पोरंही बरोबर येत. सप्टेंबर १९३७ मध्ये, ग्लासगोच्या उत्तरेला कर्किंटिलॉक गावात, ॲकिल बेटावरून आलेली दहा मुलं आणि तरुण झोपल्या जागी आगीत गेले. सगळ्यात धाकटा तेरा वर्षांचा. एवढ्या अलीकडची गोष्ट आहे ही. शंभर वर्षंही झालेली नाहीत, आणि तुम्ही विसरायची मुदत संपली म्हणून सांगताय.

माझ्या शेजारी एक आजी राहायच्या, आता नाहीत. त्यांची आजी आयर्लंडमधल्या डॉनेगॉलची. तरुणपणी नोकरीच्या मुलाखतीत त्यांना विचारत, तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात? शाळेचं नाव ‘सेंट’नं सुरू झालं की शाळा कॅथलिक, म्हणजे माणूस आयरिश, हे समोरच्याला कळायचं. नाव, पत्ता, उच्चार सगळं ग्लासगोचं, तरी शाळा सांगितली की आयरिश. आपल्याकडे ‘आडनाव काय?’ हा प्रश्न कशासाठी विचारतात ते तुम्हाला मी सांगायला नको. ज्यांना दुसऱ्यांनी विसरू दिलं नाही, त्यांनी स्वतःहून आठवलं तर मात्र तो हट्ट?

आणि झेंडा. १९५२ च्या नववर्षदिनाच्या सेल्टिक-रेंजर्स सामन्यात दंगा झाला, तेव्हा स्कॉटिश फुटबॉल संघटनेनं सेल्टिकला मैदानावरचा आयरिश झेंडा उतरवायला सांगितलं. नाही उतरवला तर खेळण्यावर बंदी, इथवर गेलं. तेव्हा सेल्टिकच्या बाजूनं कोण उभं राहिलं माहीत आहे? रेंजर्स. होय, तेच रेंजर्स, सेल्टिकचे शहरातले कट्टर प्रतिस्पर्धी, प्रॉटेस्टंटांचा म्हणून ओळखला जाणारा क्लब. आणि झेंडा उतरवा म्हणणाऱ्यांत पुढे होते ते हायबर्निअन या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष, एडिनबराच्या आयरिश वस्तीनंच १८७५ मध्ये काढलेल्या क्लबचे. इतिहास तुमच्या-माझ्या सोयीनं वागत नाही. झेंडा राहिला. त्या झेंड्याखालच्या संघानं १९६७ मध्ये लिस्बनला युरोपियन कप जिंकला, तेव्हा मैदानातले अकराच्या अकरा खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या आत जन्मलेले होते आणि प्रशिक्षक जॉक स्टीन प्रॉटेस्टंट होते. त्याआधी १९३६ मध्ये कोलकात्याचे मोहम्मद सलीम अनवाणी पायांनी याच क्लबकडून खेळून गेले. परक्यांना दार बंद करणारी माणसं अशी असतात का?

माझे आजोबा राजापूरकडून मुंबईला गिरणीत आले. लालबागच्या चाळीत गाववाल्यांच्या खोलीत पथारीपुरती जागा, जेवण खानावळीत. गावाच्या नावानं मंडळ, मंडळाचा कबड्डीचा संघ, मंडळाच्या फळ्यावर ग्रामदेवतेचं नाव. माझे वडील मुंबईत जन्मले, मीही. तरी शिमग्याला आमची पालखी नाचवायला आम्ही गावी जायचोच. आम्हाला मुंबईनं भाकरी दिली, आता राजापूर विसरा, असं कुणी म्हटलं असतं तर वडिलांनी त्याला चहा पाजून जिन्यापर्यंत पोचवलं असतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, त्यात वाढले आहे. म्हणून ती भिंत मला कळते.

तुम्ही लिहिलंत की स्वतः पंचवीस वर्षं अमेरिकेत आहात आणि ‘आम्ही मात्र मिसळून गेलो’. छान. फक्त तुमच्या नावाशेजारच्या फोटोत फेटा आहे, कमरेला ढोल आहे आणि मागे भगवा फडकतो आहे. मला तो फोटो फार आवडला, मनापासून.

बाकीचं थोडक्यात. मैदानावरच्या गाण्यांबद्दल तुम्ही जे लिहिलंत तो या चित्राचा विषय नाही. दहा वर्षांच्या पोरांच्या भिंतीवर मोठ्यांच्या तोंडची घाण थापू नका. कौन्सिलचा पैसा: सोडत काढून आणि केक विकून पैसे जमवले, हे लेखाच्या चौथ्याच परिच्छेदात आहे. तिथवर पोचला असतात तर दिसलं असतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, तशीच राहू दे. उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, फक्त नाव लिहून द्या. आणि इतर दोघींनी चित्राचे जवळून फोटो मागितले आहेत, ते रविवारी टाकते, पाऊस थांबला तर.