पोऱ्यांना जेलची भीती घालणाऱ्या त्या मेसेजबद्दल

आतेबहिणीचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर ओढत होतो. ती चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहते. घरचा दोन एकर कापूस, पोरगा नववीत. रडतच म्हणाली, "मना आंडोरले जेलमा टाकतीन का रे भाऊ?" म्हणजे, माझ्या पोराला जेलमध्ये टाकतील का?

झालं होतं एवढंच. वर्गात दोन पोरांची झटापट झाली, सर सोडवायला मधे पडले, भाच्याचा हात लागून त्यांचा चष्मा खाली पडला आणि फुटला. शाळेतलं कोणीतरी रागाच्या भरात म्हणालं, पोलिसात देतो. त्याच रात्री पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज येऊन पडला. मग पोरगा शाळेत जायचाच थांबला. आईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागला. चौदा वर्षांचं पोरगं.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल, मला तीन ग्रुपांवर आलाय. म्हणणं असं: नवा कायदा लागू झाला आहे. वर्गात गोंधळ घातला किंवा शिक्षकांना उलट बोललं तर कलम ३५३ खाली थेट एफआयआर, जामीन नाही, जेल. नाव कायमचं पोलीस रेकॉर्डवर, चारित्र्य प्रमाणपत्र नाही, सरकारी नोकरी बंद. अमेरिकेत असंच करतात म्हणून तिथे शिस्त आहे. साने गुरुजींच्या काळी छडी होती म्हणून पिढ्या घडल्या. आणि शेवटी, शिक्षकांना आज कोणी वाली नाही.

पहिलं, असा कोणताही नवा कायदा आलेला नाही. ज्या ३५३ ची भीती घातली आहे ते कलम ज्या भारतीय दंड संहितेत होतं, ती संहिताच १ जुलै २०२४ ला गेली. तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि लोकसेवकावर हल्ल्याचं कलम आता १३२ आहे. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. उलट बोलणं म्हणजे हल्ला नव्हे, हे तर सांगायलाही नको.

अठरा वर्षांखालच्या मुलाला लागतो तो २०१५ चा बाल न्याय अधिनियम. ज्यांना मेसेज पुढे ढकलायला वेळ आहे त्यांनी तो एकदा उघडून बघावा. तीन वर्षांपर्यंतच शिक्षा असलेला गुन्हा त्यात 'किरकोळ' धरलाय. म्हणजे वर्गातली धक्काबुक्की अगदी गुन्ह्यापर्यंत ताणली तरी किरकोळच. कलम १० म्हणतं, मुलाला पोलीस कोठडीत किंवा जेलमध्ये कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. कलम १२ प्रमाणे, मोठ्या माणसाला अजामीनपात्र असलेल्या गुन्ह्यातही मुलाला जामीन द्यायचा असतो, मोजके अपवाद सोडून. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत तर असं आहे, की गुन्हा क्रूर नसेल आणि सोबत कोणी प्रौढ आरोपी नसेल तर मुलावर एफआयआर नोंदवायचाच नाही. स्टेशन डायरीत नोंद आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, एवढंच मंडळाकडे पाठवायचं.

आता नोकरीचं, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याच वाक्याने केलंय. आपल्याकडे पहाटे पाचला कोणत्याही गावाच्या रस्त्यावर जाऊन बघा, पोरं भरतीसाठी पळत असतात. पोलीस, सैन्य, एसआरपी. ज्याच्याकडे विहीर नाही, दुकान नाही, त्या घरात भरती हाच एक रस्ता असतो. अशा घरात 'नाव काळ्या यादीत गेलं' असं सांगितलं की पोरगा स्वतःच म्हणतो, मग शिकून काय उपयोग? भाचा नेमकं हेच म्हणाला.

आणि हे धडधडीत खोटं आहे. त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं, की मुलाने गुन्हा केल्याचं सिद्ध झालं तरी त्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर ते रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. अपवाद एकच: सोळा वर्षांवरच्या ज्या मुलाला क्रूर गुन्ह्यात प्रौढ म्हणून दोषी धरलं जातं, तो. कलम ७४ त्याहून स्पष्ट आहे. प्रकरण मिटलं असेल तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी मुलाचं जुनं रेकॉर्ड उघड करायचं नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात उपनिरीक्षक म्हणून निवड झालेल्या एका तरुणाची नियुक्ती, तो अल्पवयीन असतानाच्या प्रकरणावरून अडवली गेली होती. त्या प्रकरणातून तो सुटलेलाही होता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. हे सगळं मी बहिणीला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. आणखी एक, त्याच कलम ७४ खाली अशा मुलाची ओळख माध्यमांत उघड करणं हा गुन्हा आहे. ज्या ग्रुपवर पोरांची नावं आणि फोटो टाकायची भाषा चालली होती, त्यांनी हे नीट वाचावं.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथल्या साऊथ कॅरोलायना राज्यात 'शाळेत व्यत्यय आणणं' हा खरोखरच गुन्हा होता. कायदा १९१९ चा, मुलींच्या शाळा-कॉलेजांभोवती घुटमळणाऱ्या बाहेरच्या माणसांसाठी केलेला. पुढे तो वर्गातल्या पोरांवरच वापरू लागले, आणि कृष्णवर्णीय मुलांवर गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त. ऑक्टोबर २०१५ मध्ये कोलंबिया शहराच्या एका हायस्कूलमध्ये, वर्गाबाहेर जायला नाही म्हणणाऱ्या मुलीला पोलीस अधिकाऱ्याने बाकासकट उलथवून फरफटत नेलं. तिच्या बाजूने ओरडणाऱ्या वर्गमैत्रिणीलाही अटक झाली. शिस्त लागली का? अधिकाऱ्याची नोकरी गेली. २०१८ मध्ये राज्याने कायदा बदलून विद्यार्थ्यांना त्यातून वगळलं. २०२३ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने जुना कायदा विद्यार्थ्यांना लावणं घटनाबाह्य ठरवलं, कारण नेमकं काय केल्यावर गुन्हा होतो हेच त्यात स्पष्ट नव्हतं. आपण तो इथे आणला तर पहिला कोणावर चालेल? ज्याच्या बापाला कुठेच फोन लावता येत नाही अशा पोरावर. सातपुड्यातल्या पावरा-भिल्लांच्या पोरांवर.

साने गुरुजींना तरी यात ओढू नका. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते. वसतिगृहातली पोरं शाळेत गेली की त्यांच्या पसरलेल्या खोल्या हा माणूस स्वतः आवरून ठेवायचा. छडीचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने ती बंद केली आहे.

शिक्षकांना वाली नाही, हे मात्र मला अर्धं मान्य करावं लागतं. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती यातून उरलेल्या वेळात भरगच्च वर्ग सांभाळायचा, वर पालक अंगावर यायला तयार. आणि काही प्रकार खरोखर पोलिसांचेच असतात. कोणी चाकू आणला, मुलीवर लैंगिक अत्याचार झाला, तर शाळेने मिटवामिटवी करायची नाही, कळवायचंच. पण चष्मा फुटणं त्यात बसत नाही.

शिक्षा नको असं मी म्हणतच नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम १८ मध्येच मंडळाने काय करायचं ते दिलंय: समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड. यातलं बरंचसं शाळा आणि आईबाप पोलिसांशिवाय करू शकतात.

रविवारी मी गावी गेलो आणि भाच्याला घेऊन सरांच्या घरी गेलो. त्याने माफी मागितली, सायकलसाठी साठवलेल्या पैशांतले सातशे रुपये पुढे ठेवले आणि उरलेले दोन महिन्यांत देतो म्हणाला. सरांनी पैसे घेतले, ते मला बरं वाटलं. मग म्हणाले, जे बोलायचं ते उद्या वर्गासमोरही बोल. सोमवारी तो बोलला.

त्याच्याशी झटापट झालेला दुसरा पोरगा अजून शाळेत आलेला नाही. मेसेज त्याच्या घरीही पोहोचलाय. ज्यांनी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला त्यांनी काढून टाकावा, आणि त्या पोराच्या बापाला स्वतः फोन करून हे खोटं होतं असं सांगावं. नंबर शाळेत मिळेल.