पाव फेरा

एअर रायफलचा चाप दोन टप्प्यांत ओढायचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट सहज मागे यावे, मग एका जागी स्पष्ट अडावे आणि तिथून किंचित दाब वाढवताच छर्रा सुटावा, अशी माहितीपुस्तिकेची अपेक्षा असते. माझ्या रायफलचा चाप मात्र दमट हवेत फुगलेल्या ड्रॉवरप्रमाणे खरडत, थांबत, पुन्हा सरकत येई, आणि आता सुटेल, मग सुटेल, असे म्हणत श्वास रोखून बसलेल्या माणसाचा धीर सुटला की मगच छर्रा सुटे.

दस्त्याचे स्क्रू आधी आवळून पाहावेत, असे जाणकार सांगतात, कारण ढिल्या दस्त्याचे खापर पुष्कळदा चापावर फुटते. माझे स्क्रू घट्ट निघाले. याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण आता चापाच्याच स्क्रूंना हात लावणे भाग होते. त्यांतला एक दाब ठरवतो, दुसरा पहिल्या टप्प्याची लांबी आणि तिसरा, छर्ऱ्यामागची हवा दाबणाऱ्या पिस्टनला मागे धरून ठेवणाऱ्या खटक्याची पकड. कागदावर तिघांची खाती स्वतंत्र आहेत. प्रत्यक्षात एकाची समजूत काढावी तर दुसरा रुसतो. त्यातही पकडीचे प्रकरण नाजूक. पकड जास्त असली की चाप खरडतो, कमी केली की तो सुरेख सुटतो आणि फारच कमी केली की बोट न लावताही सुरेखच सुटतो. म्हणून पाना एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही, आणि प्रत्येक वेळी नळी छर्रे अडवणाऱ्या पेटीकडे रोखून, दस्ता हलकेच ठोकून, खटका आपणहून निसटत नाही ना, याची खात्री करून घ्यायची.

स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा न घालता चाप ओढणेही बरे नव्हे. पुढे हवेची उशी नसल्याने पिस्टन सिलिंडरच्या टोकावर जाऊन आदळतो. परिणामी प्रत्येक पाव फेऱ्यामागे नळी बिजागरीवर वाकवून स्प्रिंग दाबणे, छर्रा भरणे आणि नेम धरणे आले. थोड्याच वेळात दंड असे थरथरू लागतात की बिघाड चापात आहे की बोटात, हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये.

स्पर्धेच्या नियमांचाही आधार मिळत नाही. 10 मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला किमान 500 ग्रॅम दाब सक्तीचा आहे. एअर रायफलला अशी किमान मर्यादाच नाही. पिस्तूलवाल्याला निदान नियमांच्या नावाने बोटे मोडता येतात. रायफलवाल्याने 0.5 मिलिमीटरचा दहा गुणांचा ठिपका हुकवला, तर चाप त्याच्याच पसंतीचा असतो.

अखेर खरखर गेली, दाब बोटाला मानवला, दस्ता ठोकूनही खटका जागचा हलला नाही. स्क्रू आता कुणी फिरवू नयेत म्हणून मी त्यांच्या डोक्यांवर रंगाचा एकेक थेंब लावला आहे. घरात या रायफलला हात लावणारा माझ्याशिवाय दुसरा कुणी नाही, पण पाना मी तरीही कुलपात ठेवला आहे.